मायटोकॉन्ड्रियाच्या गोळ्या आणि आमचे बाबा

लिंबूटिंबू | शनि, रात्री ९:५०

लोकहो, जरा मदत हवीय. बाबा ७३ वर्षांचे, दीड वर्षापूर्वी पार्किन्सन्स निघाला. कळलं कसं तर दुधाच्या वहीवरून. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली वही असते, बाबा रोज लिहितात, म्हशीचं १, गायीचं अर्धा. मी सहज मागची पानं चाळत होते तर अक्षर महिन्यागणिक बारीक होत गेलेलं, शेवटची पानं तर मुंगी शाईत पाय बुडवून गेल्यासारखी. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना फोडणीतल्या हिंगाचा वास येईनासा झाला होता, आम्ही आपलं सर्दी सर्दी म्हणत बसलो.

आता मुद्दा. न्यू जर्सीचा चुलतभाऊ आलाय, त्यानं एक बाटली आणलीय. आत कोएन्झाइम क्यू१०, एनएमएन, युरोलिथिन ए, बी२ असं बरंच काय काय. तो म्हणतो म्हातारपणाचे सगळे आजार मायटोकॉन्ड्रिया फुटून त्यातला डीएनए सांडतो आणि आपलीच प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते म्हणून होतात, ही गोळी मायटोकॉन्ड्रिया दुरुस्त करते. किंमत ऐकल्यापासून आईनं बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवलीय.

प्रश्न दोनच. हे सांडण्याचं प्रकरण खरं आहे का? आणि गोळी द्यावी का?

टग्या_दादरकर | रात्री १०:०२

बाटली देव्हाऱ्याशेजारी =)) वाचनखूण साठवली. तज्ज्ञ येईपर्यंत जागा अडवून ठेवतो.

मराठी_माध्यम | रात्री १०:०९

मायटोकॉन्ड्रिया काय, तंतुकणिका म्हणा. "तंतुकणिकेस पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणतात." दोन मार्क. यापलीकडे आमच्या बाईंनाही माहीत नव्हतं, आम्हालाही नाही, आणि सगळं व्यवस्थित चाललं होतं.

पेशीवाली | रात्री ११:२०

याच विषयाच्या आसपास काम करते म्हणून लिहिते, लांबेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, सांडण्याचं प्रकरण खरं आहे. "सगळे आजार त्यामुळेच" ही मात्र चुलतभावाची भर.

तंतुकणिका मुळात जिवाणू होती. दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पेशीत शिरली आणि तिथंच राहिली. लिन मार्ग्युलिसबाईंनी १९६७ साली हे जोरात मांडलं तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पोटभाडेकरूनं वीज द्यायची, मालकानं छप्पर द्यायचं असा तो व्यवहार. कालांतरानं भाडेकरूचं बहुतेक सामान मालकाच्या कपाटात, म्हणजे पेशीच्या केंद्रकात गेलं, पण एक ट्रंक त्यानं अजून स्वतःकडेच ठेवलीय: १६,५६९ अक्षरांचा गोल डीएनए, ३७ जनुकं, त्यातली १३ प्रथिनांची.

आता पेशीत केंद्रकाबाहेर मोकळा डीएनए दिसायलाच नको. दिसला तर बहुतेक विषाणू घुसलाय. त्यासाठी सीगॅस नावाचा पहारेकरी असतो, डॅलसच्या झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेनं तो २०१२-१३ च्या सुमारास शोधला, त्यासाठी त्यांना २०२४ चं लास्कर हे वैद्यकातलं मोठं पारितोषिक मिळालं. डीएनए हाताला लागला की हा एक छोटा रेणू तयार करतो, तो जाऊन स्टिंग नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतो. स्टिंग म्हणजे भोंगा. भोंगा वाजला की इंटरफेरॉन (विषाणूविरुद्ध इशारा देणारी प्रथिनं) आणि दाह वाढवणारी बाकीची मंडळी धावत सुटतात. तंतुकणिकेची ट्रंक फुटली आणि आपलाच डीएनए बाहेर आला तर पहारेकऱ्याला ओळखू येत नाही, घरचाच माणूस पण चोर समजून बदडतो. २०१५ साली येलमध्ये जेराल्ड शॅडेल यांच्या गटानं हे उंदरांच्या पेशींत दाखवलं. हा डीएनए गुंडाळून ठेवणारं एक प्रथिन असतं, ते निम्म्यावर आणलं, की सामान बाहेर आणि भोंगा सुरू.

आणि पुस्तकात घेवड्याच्या दाण्यासारखी आकृती असते ना, ती डोक्यातून काढा. जिवंत पेशीला रंग देऊन बघितलं तर ओल्या शेवयांचं जाळं दिसतं, सारखं हलत असतं, एक शेवई दुसरीला जाऊन जुळते, मधूनच तिसरी तुटते, तुटलेला तुकडा एकटाच कुठेतरी सरकत जातो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा चहा गार झाला होता.

टग्या_दादरकर | रात्री ११:२६

लॅबमध्ये चहा? पकडलं.

पेशीवाली | रात्री ११:३१

दाराबाहेरच्या स्टुलावर होता. म्हणूनच गार झाला.

कडक_इस्त्री | रवि, सकाळी ७:१५

पोटभाडेकरूची उपमा पुण्यात चालणार नाही. दोनशे कोटी वर्षं राहिला तर वाडा त्याचा.

मराठी_माध्यम | सकाळी ७:२२

कसेल त्याची पेशी.

कडक_इस्त्री | सकाळी ७:२३

_/\_ हसून हसून पुरेवाट

राजेहो_नागपूर | सकाळी ९:०५

सीगॅस ऐकून मले वाटलं पाइपलाइनचा गॅस आला का काय. पण ताई, मुद्दा ध्यानात आला. मंग याचा पार्किन्सनशी काय संबंध? अन् मेंदूतच काऊन, गुडघ्यात काऊन नाही?

निवृत्त_डॉक्टर | सकाळी ११:४०

राजेहो, चांगला प्रश्न. संबंध पहिल्यांदा ठळक दिसला तो १९८२ साली कॅलिफोर्नियात, तोही अपघातानं. काही तरुण नशेबाज रातोरात पुतळ्यासारखे गोठले. बोलता येईना, हलता येईना, पण शुद्धीवर. विलियम लँगस्टन या न्यूरॉलॉजिस्टनं माग काढला तर कुणीतरी चोरून बनवलेल्या कृत्रिम हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ निघाली. हा पदार्थ मेंदूत जाऊन बदलतो, डोपामिन (हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी त्याला नेमक्या आत ओढून घेतात आणि तिथं तो तंतुकणिकांची वीज बनवणारी पहिलीच कडी बंद पाडतो. पेशी मरतात. ऐन तरुण पोरांना सत्तरीतला आजार.

मग जनुकांची बाजू आली. पार्किन १९९८ साली जपानी गटाला सापडलं, पिंक१ चा संबंध २००४ साली लागला. दोन्हीत बिघाड असेल तर पार्किन्सन्स लहान वयात होतो. ही दोन प्रथिनं करतात काय, तर भंगाराची व्यवस्था. तंतुकणिका धड असेल तर पिंक१ आत ओढलं जाऊन कापलं जातं. बिघडली की ते बाहेरच्या पडद्यावर साचत राहतं, पार्किनला बोलावतं, पार्किन तिच्यावर खुणा करतं, सोसायटीत पाडायच्या भिंतीवर खडूची फुली मारतात तसं. मग भंगारवाला येऊन उचलतो. फुली मारणाराच नसेल तर गळका माल घरातच पडून राहतो.

डोपामिनच्या पेशीच का, तर त्यांचा एकेक धागा लाखो ठिकाणी जोडलेला असतो आणि त्या सतत स्वतःहून ठोके देत राहतात, त्यामुळे विजेचा खप प्रचंड. लोडशेडिंगमध्ये आधी कुणाची बोंब होते, ज्याच्याकडे पिठाची गिरणी आहे त्याची.

लिंबूटिंबूताई, एक लक्षात घ्या, ही जनुकं बिघडलेले रुग्ण थोडे. सत्तरीनंतर सुरू झालेला आजार बहुधा त्यातला नसतो.

पेशीवाली | दुपारी १:१०

काकांच्या भंगारवाल्याला माझा भोंगा जोडते. २०१८ साली अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत रिचर्ड यूल यांच्या गटानं पार्किन नसलेले उंदीर घेतले. एरवी हे उंदीर ठणठणीत दिसतात, अनेक वर्षं लोक डोकं खाजवत होते की जनुक काढलं तरी यांना काही होत कसं नाही. यांनी त्यांना ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवलं, तर रक्तात दाहाचे निरोप्ये भसाभस वाढले. मग ज्यांच्या तंतुकणिकांच्या डीएनएत मुद्दाम चुका साचू दिल्यात अशा उंदरांमधून पार्किन काढलं, तर डोपामिनच्या पेशी गेल्या आणि चाल बिघडली. आणि मग त्याच उंदरांतून स्टिंग काढून टाकलं, तर पेशी वाचल्या! म्हणजे गळतीपेक्षा भोंग्यानं जास्त नुकसान केलं. हा पेपर वाचला त्या रात्री मला झोप नव्हती.

शंकासूर | दुपारी १:४४

झोप येईल असं सांगतो. २०२० साली केंब्रिजमध्ये फळमाश्यांवर हाच प्रयोग झाला. पिंक१, पार्किन नसलेल्या माश्यांमधून स्टिंग काढलं, ढिम्म फरक पडला नाही. माश्या तशाच लुळ्या. तेव्हा "सांडतो आणि भोंगा वाजतो" हे मान्य, पण "म्हणून आजार होतो" यावर जरा दम धरा.

पेशीवाली | दुपारी २:०५

तो पेपर माहीत आहे, आणि आक्षेप रास्त आहे. माशीचं स्टिंग आपल्यासारखं इंटरफेरॉन सोडत नाही, तिच्याकडे इंटरफेरॉनच नाही, त्यामुळे मी माशीवरून माणसाचा निकाल लावणार नाही. तसा उंदरावरूनही लावू नये, हे तुमचं म्हणणं असेल तर कबूल.

शंकासूर | दुपारी २:०७

तेच म्हणणं आहे. कबुलीबद्दल आभार, आंतरजालावर दुर्मीळ.

बोस्टनकर | दुपारी ४:३०

माणसातही धागेदोरे आहेत की. इथे २०१० साली कार्ल हाउझर यांच्या गटानं मोठे अपघात झालेल्या लोकांच्या रक्तात तंतुकणिकांचा डीएनए भरपूर सापडल्याचं छापलं होतं. जंतूसंसर्ग नसताना पेशंटला जंतूसंसर्गासारखाच ताप, दाह का होतो याचं निदान एक उत्तर तरी मिळालं: चुरडलेल्या स्नायूतून जुना जिवाणूच बाहेर आला होता. आणि इटलीतल्या एका अभ्यासात पन्नाशीनंतर रक्तातला हा डीएनए वयाबरोबर वाढत जातो असं दिसलं. त्याच इटलीतल्या फ्रांचेस्की या संशोधकांनी २००० साली वयाबरोबरच्या या मंद दाहाला इन्फ्लमेजिंग हे नाव दिलं.

मराठी_माध्यम | दुपारी ४:४१

याला मराठी शब्द काय? जरादाह कसा वाटतो?

कडक_इस्त्री | दुपारी ४:४५

"जरा दाह" म्हणजे थोडीशी जळजळ वाटते. जेलुसिल घ्या.

राजेहो_नागपूर | दुपारी ४:५०

सूज म्हना ना सरळ.

निवृत्त_डॉक्टर | दुपारी ५:१५

सूज नको. पाय सुजला तर दिसतो, दाबला तर खड्डा पडतो. ही डोळ्यांना दिसत नाही. दाहच बरोबर.

टग्या_दादरकर | दुपारी ५:१६

वय वाढलं की आतल्या आत धुमसणं, बाहेर काही न दाखवणं, घरच्याच माणसांवर उखडणं. याला मराठीत आधीपासून शब्द आहे. जळफळाट.

लिंबूटिंबू | दुपारी ५:३०

मेले हसून. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली तुझ्या आत्याला पाठव.

निशाचर | रात्री ८:१०

वटवाघळांबद्दल कुणी बोलत नाहीये! २०१८ साली वुहानच्या गटानं दाखवलं की वटवाघळांच्या स्टिंगमध्ये एक ठरावीक जागा बदललेली असते, त्यामुळे त्यांचा भोंगा हळू वाजतो. सायबेरियात सात ग्रॅमच्या आसपासचं एक वटवाघूळ निदान ४१ वर्षं जगल्याची नोंद आहे. उंदीर तीन वर्षांत आटोपतो. काढा अर्थ.

शंकासूर | रात्री ८:१९

अर्थ एवढाच की उलटं टांगून घ्या. अहो, हळू भोंगा आणि लांब आयुष्य एकाच प्राण्यात आहेत, एवढ्यानं एकामुळे दुसरं होतं असं ठरत नाही.

वैद्यपुत्र | रात्री ९:००

आमच्याकडे "आम" आणि "ओज" या संकल्पनांत हे सगळं आधीच

कडक_इस्त्री | रात्री ९:०१

आलंच.

वैद्यपुत्र | रात्री ९:०८

प्रतिसाद काढून टाकला आहे. बरं, वाद नको, कामाचं सांगतो. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतो, तोच जो बाबांच्या गोळीत असेल. म्हणूनच ताई, कुणी कपिकच्छूचं, म्हणजे खाजकुयलीचंच, चूर्ण सुचवलं तर डॉक्टरांना न सांगता देऊ नका. औषध नाही म्हणून नव्हे, औषध आहे म्हणून. डोस डबल होईल.

निवृत्त_डॉक्टर | रात्री ९:२०

वैद्यबुवा, शंभर टक्के सहमत. लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपासोबत एकदम नकोत, आणि डाळ-अंडी-पनीर भरपूर असलेलं जेवण व गोळी यांत अंतर ठेवा, नाहीतर आतड्यातून आत शिरतानाच रस्सीखेच होते.

आता बाटली. क्यू१० ची पार्किन्सन्समध्ये मोठी चाचणी झालेली आहे, अमेरिका-कॅनडात, ६०० रुग्ण, रोज १,२०० आणि २,४०० मिलिग्रॅम असे तगडे डोस. उपयोग दिसेना म्हणून मध्येच थांबवली, २०१४ साली छापून आलं. पहिल्या घटकावर काट.

सांगोल्याचा_बाळू | सोम, सकाळी ६:४०

युरोलिथिन म्हंजे डाळिंबातलं का ते? आमच्या कृषीवाल्या सायबांनी एकदा सांगितल्यालं.

पेशीवाली | सकाळी ८:१५

डाळिंबात थेट नसतं बाळूदादा. डाळिंबातला एक घटक आतड्यातले जिवाणू मोडतात, तेव्हा युरोलिथिन तयार होतं, आणि ते जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. म्हणजे डाळिंब खाऊन एकाला मिळेल, शेजारच्याला नाही. ते भंगारवाल्याला हाक मारतं असं प्रयोगशाळेत दिसतं. माणसांवर २०२२ ची चाचणी आहे, ६५ ते ९० वयाचे ६६ लोक, रोज १,००० मिलिग्रॅम, चार महिने. स्नायू दमायला थोडा जास्त वेळ लागला, पण सहा मिनिटांत किती चालता येतं यात नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा ठोस फरक नाही. आणि हे धडधाकट म्हातारे होते, पार्किन्सन्सचे नाहीत.

सांगोल्याचा_बाळू | सकाळी ८:३२

मंजे जिवानू आतबी लागतोय. आमच्याकडं भायेरचा जिवानू हाय, तेल्या. एका पावसात बाग काळी करतोय. त्यो आला की डाळिंबाचं ऱ्हाऊ द्या, आमचंच मायटोकॉन्ड्रिया फुटत्यात.

टग्या_दादरकर | सकाळी ८:४०

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. सत्कार करा.

राजेहो_नागपूर | सकाळी १०:१०

मले एक सांगा, भोंगाच वाजतो ना, मंग तो भोंगा बंद करायची गोळी काऊन नाही काढत?

पेशीवाली | दुपारी १२:५०

काढतायत. लोझानच्या अँड्रिया अब्लासर यांच्या गटानं २०२३ साली म्हाताऱ्या उंदरांना स्टिंग दाबणारं रसायन दिलं, तर दाह कमी झाला, स्मरणशक्ती आणि अंगातली ताकद दोन्ही सुधारली. पण पिंजऱ्यातल्या उंदराला ना डेंगी ना टीबी. त्याचा भोंगा बंद केला तर फारसं बिघडत नाही. आपल्याकडे ७३ वर्षांच्या माणसाचा बंद केला तर?

निवृत्त_डॉक्टर | दुपारी २:३०

या "तर?"चं उत्तर वेगळ्या औषधापुरतं मिळालेलं आहे. २०१७ ची कॅन्टोस चाचणी. हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलेले १०,०६१ रुग्ण. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाहाचा एक निरोप्या, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंजेक्शननं अडवला. नंतरचे अटॅक, स्ट्रोक साधारण १५ टक्क्यांनी कमी. मी त्या वेळी प्रॅक्टिसमध्ये होतो, आम्ही अक्षरशः उभे राहून चर्चा केली होती, कारण दाह हा नुसता साक्षीदार नसून गुन्ह्यात सामील आहे हे माणसात पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. पण जीव घेणारे जंतूसंसर्ग वाढले, आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. २०१८ साली एफडीए या अमेरिकी औषध नियामकानं हृदयासाठी परवानगी नाकारली.

पहारेकरी म्हातारा झाला, उगाच ओरडतो, म्हणून त्याला काढून टाकला तर खरा चोर आला तेव्हा कोण ओरडणार? माझं मत म्हणाल तर गळती थांबवणाऱ्या औषधाची मी वाट बघीन, भोंगा तोडणाऱ्या नाही.

शंकासूर | दुपारी २:४५

याला मात्र +१. तारीख नोंदवून ठेवा.

बोस्टनकर | दुपारी ३:२०

गळती थांबवायचं फुकट औषध म्हणजे व्यायाम, हे कुणीतरी म्हणायलाच हवं. वर पेशीवालीताईंनी डीएनएत चुका साचलेले उंदीर सांगितले ना, ते अकाली म्हातारे होतात, केस पांढरे, पाठीला कुबड. कॅनडात मार्क टार्नोपोल्स्कींच्या गटानं त्यांना आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं, असं पाच महिने पळवलं. २०११ चा पेपर. पळणारे उंदीर त्यांच्या बसून राहिलेल्या भावंडांशेजारी ठेवले तर विश्वास बसत नाही, काळेभोर, गुटगुटीत.

राजेहो_नागपूर | दुपारी ३:२८

थांबा बे. वरच्या उंदरांले पळवलं तं दाह वाढला, यायले पळवलं तं जवान झाले?

पेशीवाली | दुपारी ४:००

राजेहो, धागा कुणी तरी नीट वाचतंय! वरच्यांकडे पार्किन नव्हतं आणि त्यांना एकदम दमेपर्यंत पळवलं. यांच्याकडे पार्किन शाबूत आणि नियमित बेताचा सराव. पळताना थोडी मोडतोड होतेच, भंगारवाला कामावर असेल तर त्यानिमित्तानं घर साफ होतं. म्हणून तर अँटिऑक्सिडंटचा घोळ झाला. २००९ साली जर्मनीत मिखाएल रिस्टोव यांच्या गटानं तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत सी आणि ई या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तर इन्शुलिनवरचा व्यायामाचा फायदाच पुसला गेला.

निवृत्त_डॉक्टर | दुपारी ४:२५

पार्किन्सन्समध्ये माणसांवरही आहे. २०१८ साली १२८ रुग्णांवरचा सहा महिन्यांचा अभ्यास आला, ट्रेडमिलवर दम लागेल असं चालणाऱ्यांची लक्षणं जवळपास जागच्या जागी राहिली, न चालणाऱ्यांची वाढली. ते मात्र नुकतं निदान झालेले, अजून औषध सुरू न झालेले रुग्ण होते. बाबांना सुरू करायचं तर आधी हृदय तपासून, आणि पडणार नाहीत अशी सोय बघून.

लिंबूटिंबू | मंगळ, रात्री ९:१५

सगळ्यांना दंडवत. आता खरं सांगते. काल देव्हाऱ्याशेजारून बाटली उचलली, परत द्यावी म्हणून, तर हलकी लागली. बाबा गेले नऊ दिवस गुपचूप घेत होते! विचारलं काही फरक वाटतो का, तर म्हणाले, "वाटतो की. लघवी पिवळीधमक होते. काहीतरी साफ होतंय आतून."

निवृत्त_डॉक्टर | रात्री ९:२२

ते बी२. जास्तीचं शरीर तसंच बाहेर टाकतं. बाबांना म्हणावं, साफ होतोय तो खिसा.

टग्या_दादरकर | रात्री ९:२३

न्यू जर्सीहून टॉयलेटपर्यंतचा प्रवास.

लिंबूटिंबू | शुक्र, रात्री ८:४०

अपडेट. न्यूरॉलॉजिस्टना बाटली दाखवली. त्यांनी लेबल वाचलं, बंद करा म्हणाले, आणि बाबांच्या नेहमीच्या गोळीची वेळ जेवणाआधी सरकवली. फिजिओथेरपी सुरू केलीय, काल जिन्यात टाळ्या वाजवून पावलं टाकायला लावली, शेजारच्यांना वाटलं आरती आहे.

फिजिओबाई म्हणाल्या, रेघा असलेल्या कागदावर लिहिलं तर अक्षर मोठं राहायला मदत होते. मी दुरेघी वही आणली. बाबा भडकले, मी काय पहिलीत आहे का. दोन दिवस वही तशीच. आज सकाळी खिळ्याला नवीन वही दिसली. वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत, चांगलं ठसठशीत:

म्हशीचं १. गायीचं अर्धा. परदेशी गोळ्या बंद.

सांगोल्याचा_बाळू | शुक्र, रात्री ८:५२

ताई, पत्ता खाजगी निरोपात धाडा. बाबांस्नी एक पेटी पाठिवतो. पोटात त्ये जिवानू असलं तर असलं, नसलं तर डाळिंब गोड हाय.